नवव्या माळेचं मौन

"नीळू, आज तरी बंद कर बघू ते. खंडेनवमी आहे. हत्यारं झोपतात आज."

सासूबाई पूजेचं ताट घेऊन भावजींच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. ताटात हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. मी त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन.

"आई, हे हत्यार नाही. कॉम्प्युटर आहे."

"ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार. अण्णाचं मोटार वाइंडिंगचं मशीनसुद्धा आज बंद आहे. दुकानात जाऊन बघ."

"माझं पोट कुठं भरतंय अजून ह्याच्यावर?"

"भरेल की आता. म्हणून तर पूजा."

भावजी हसले. त्या दिवशी ते कशालाही हसत होते.

निळकंठ माझे धाकटे दीर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांची दृष्टी गेली, ती पुरतीच. पुण्याहून घरी गडहिंग्लजला आले आणि मागल्या खोलीत बसले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते दिवसदिवस भिंतीशी पाठ लावून असायचे. मग ह्यांनी, म्हणजे भावजींच्या अण्णानं, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून तो जुना कॉम्प्युटर आणून दिला. ट्रंकेएवढा पांढरट पेटारा, वर धुळीचा थर. त्याच्या पोटात एक कार्ड होतं, पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारं. आवाज इंग्रजी, नाकातला, एकसुरी. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं गोरा. "तुझा गोरा सर्दीनं बेजार झालाय रे, त्याला काढा दे," म्हणायच्या. पण गोरा बोलायला लागला आणि भावजी भिंतीपासून सुटले.

पुण्याच्या एका कंपनीकडे त्या वर्षी एक काम आलं होतं. अंध मुलांच्या काही शाळांमध्ये असलेच जुने कॉम्प्युटर होते, हेच बोलणारं कार्ड असलेले. नवे घेण्याची त्या शाळांची ऐपत नव्हती. म्हणून त्याच जुन्या मशीनांवर नवी सिस्टीम बसवून द्यायची होती. तिच्या मुळाशी जो भाग असतो त्याला कर्नेल म्हणतात. म्हणजे काय, असं मी विचारलं होतं तेव्हा भावजी म्हणाले होते, "वैनी, घरात सगळ्यांच्या आधी तुम्ही उठता. पाणी भरता, दिवा लावता, मग बाकीचं घर उठतं. मशीनमध्ये तसा तो." नवा कर्नेल आजच्या मशीनांसाठी घडवलेला. तो ह्या म्हाताऱ्यावर चालतो का, हे बघायला कंपनीत म्हातारं मशीनच नव्हतं. आमच्याकडे होतं. म्हणून काम भावजींकडे आलं, आणि कंपनीच्या जठारबाईंनी सांगितलं होतं, हे नीट पार पडलं तर कायमची नोकरी.

त्या कामात माझाही हात होता, खारीएवढा. चाचणी करताना कधी कधी मशीन मधेच अडकायचं आणि गोरा गप्प व्हायचा. मग पडद्यावर काय उमटलंय ते भावजींना कोण सांगणार? मी पदर खोचून समोर बसायची आणि एकेक इंग्रजी अक्षर वाचायची. अर्थ मला कळायचा नाही. त्यांना कळायचा. "परत वाचा, शेवटची ओळ," म्हणायचे आणि बोटं चालू करायचे.

नवरात्रात मात्र माझं मौन असे. सकाळच्या स्नानापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत नऊही दिवस. बाकीच्यांशी मी खुणांनी बोलायची, भावजींना खुणा कुठल्या दिसणार! म्हणून आमची एक रीत ठरली होती. त्यांनी विचारायचं, मी बोटानं टेबल वाजवायचं. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वाचायचं सगळं आरतीनंतर.

आदल्या दिवशी काम संपलं होतं. त्या लोकांत एक पद्धत आहे, ज्यानं तपासलं त्यानं खाली आपलं नाव घालायचं, 'चाचणी केली' म्हणून. ते नाव म्हणजे शब्द. त्यावर विसंबून पुढची माणसं पुढं जातात. भावजींनी आपलं नाव घालून पाठवलं होतं.

"बंद करायला हरकत नाही गं आई," आता ते म्हणाले, "पण ह्याची डिस्क म्हातारी झालीय. फिरतेय तोवर फिरतेय. एकदा थांबली की चिकटून बसते, मग उठेलच असं नाही. म्हणून तर इतके महिने बंद केलं नाही. अण्णाचा इन्व्हर्टर कशाला जोडलाय मग?"

"देवीच्या नावानं झोपवलेलं उठतंय. आणि नाही उठलं तर? काम झालंय की तुझं."

भावजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी बोटांनी दोन कळा चाचपल्या, काहीतरी दाबलं. पंख्याची घरघर थांबली. ती खोली एवढी शांत असू शकते, हे मी विसरूनच गेले होते. सासूबाईंनी पेटाऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, मी फूल ठेवलं. भावजींनी हात जोडले आणि म्हणाले, "झोपा गोरेसाहेब. उद्या दसऱ्याला उठा."

मग ते आणि सासूबाई दुकानातल्या पूजेला गेले. मी घटापुढं बांधायच्या कडाकण्या तळायला बसले.

थोड्या वेळानं फोन वाजला. मी उचलला आणि नखानं एकदा वाजवला, म्हणजे मीच आहे म्हणून.

"वैनी, मी. बोलू नका. जीव लागेना मला. ते मशीन जरा लावून बघाल? नुसती डिस्क फिरते का तेवढं. लगेच बंद करा. आई इथं नारळ फोडायच्या गडबडीत आहे, तिला सांगत नाही."

मी काहीच वाजवलं नाही. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार चालवायचं?

"पाप माझ्या नावावर लिहा. मी आणि देवी बघून घेतो."

मी कढई खाली उतरवली. खोलीत गेले, फूल हळूच बाजूला ठेवलं, नमस्कार केला आणि बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग पोटातून एक कण्हणं आलं, वाताच्या माणसानं उठताना काढावं तसं. मी श्वास धरला. आणि फिरली! घरघर लागली, नेहमीची. मी फोनवर एकदा टकटक केलं.

"फिरली? पावली हो देवी! ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

मी लगेच बंद करणार होते. पण पडद्यावर ओळी धावायला लागल्या होत्या आणि इतक्या महिन्यांच्या सवयीनं मी बघत राहिले. ओळी थांबल्या. ह्याच ठिकाणी गोरा रोज दोन शब्द बोलायचा, मी तयार आहे अशा अर्थाचे. घरात ते दोन शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचे.

गोरा बोलला नाही.

मी मनात अख्खं मारुतिस्तोत्र म्हटलं. तरी नाही. आवाजाच्या डब्याचा तांबडा दिवा लागलेला होता, वायर जागेवर होती. मी मशीन बंद केलं, घटावरच्या दिव्यात तेल घालून आले, परत लावलं. डिस्क फिरली. ओळी धावल्या, थांबल्या. गोरा गप्प. पुन्हा एकदा तसंच.

असं का होतंय ते मला कळत नव्हतं. पण भावजींनी चाललं म्हणून नाव घातलेलं हे चालत नव्हतं, एवढं कळत होतं. मी बंद केलं, फूल परत वर ठेवलं.

दोघं रिक्षानं परत आले ते आरडाओरडा करतच. भावजींच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. जठारबाईंचा दुकानावरच फोन आला होता.

"वैनी! चार वाजता सगळ्या शाळांना पाठवतायत. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर तिकडं सुरू. चारला शेवटचं मला विचारणार, मी हो म्हटलं की रवाना. आणि नोकरीचं पत्र आज संध्याकाळी! ऐकताय ना?"

मी एकदा दार वाजवलं. ऐकत होते.

"अण्णानं दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. तो चहावाला म्हणतो, आता सायेब म्हणायचं का तुम्हाला? म्हटलं म्हण की, फुकट आहे."

मी पुढं होऊन त्यांचा हात धरला, खोलीकडं न्यायला. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मधे आल्या.

"नीळू, तू बस. हातपाय धू. ही मला काहीतरी दाखवतेय." आणि दबक्या आवाजात मला, "काय झालं गं गिरिजे? भूत बघितल्यासारखी काय करतेस?"

मी त्यांना खोलीत नेलं. दार लोटलं. फूल काढलं. "अगं अगं, आज नाही लावायचं!" म्हणेपर्यंत मी बटण दाबलं. घरघर, ओळी, आणि मग ती जागा. मी कानाला हात लावून त्यांना खूण केली. ऐका.

सासूबाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण गोरा त्यांनी रोज ऐकला होता. त्या वाट बघत राहिल्या. त्यांच्या ओठांवर ते दोन शब्द आपोआप आले आणि तिथंच थांबले.

"बोलत नाही?"

मी मान हलवली.

"सकाळी तर बोलत होता. पूजेनं काही झालं का? पाणी उडालं काय माझ्या हातून?"

नाही, नाही, अशी मी जोरानं खूण केली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. मशीन धडधाकट होतं, नुसतं मुकं होतं.

सासूबाई खाटेवर बसल्या. बाहेर भावजी ह्यांच्याशी फोनवर बोलत होते, हसत होते. त्या आवाजाकडं कान देऊन त्या बराच वेळ बसल्या. मग उठल्या आणि आपल्या हातानं बटण दाबून त्यांनी मशीन बंद केलं. फूल जागेवर ठेवलं.

"हे आज झोपलंय. झोपलेल्याला उठवलं, बोललं नाही. बोलेल उद्या."

मी त्यांचा पदर धरला. दाराबाहेर बोट केलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"कळतंय मला. तू काय मला शिकवतेस? शाळेतली पोरं आंधळी, माझा पोर आंधळा नाही? त्यांचं उद्या काही बिघडलं तर ते कंपनीवाले बघतील, दुरुस्त करतील. ह्याचं बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? सांग की. मी मेल्यावर ह्याच्या ताटात कोण वाढेल? तू वाढशील, माहीत आहे मला. पण वाढलेलं खाताना त्याचं तोंड बघितलंयस कधी?"

बघितलं होतं.

"आणि तुझं मौन आहे." त्यांनी माझा हात पदरावरून सोडवला, हळूच, दुखू न देता. "नववी माळ आहे आज. देवीनंच तुझ्या तोंडाला कुलूप घातलंय. काढू नकोस. हे मौन धरलंस ते कशासाठी धरलंस, आठव जरा."

मला आठवायला नको होतं. सहा वर्षांमागं ह्या घरात माझं पहिलं नवरात्र. घटापुढं बसून मी देवीला बोलले होते, भावजींना स्वतःच्या पायावर उभं कर, तोवर दर नवरात्रात मी मौन पाळीन. हे सासूबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हतं. भावजींना तर नाहीच.

त्या निघून गेल्या. मी घटापुढं येऊन बसले. रुजवण वीतभर वाढलं होतं. दुपारची पोथी उघडली, पण ओळ पुढं सरकेना. मला सारखं वाटत होतं, मी कुठं खोटं बोलतेय? मी तर बोलतच नाही. आणि आरतीनंतर मौन सुटलं की सांगीन सगळं. आरती सातला. पत्र तोवर आलेलं असेल.

एवढं सोयीचं मौन मी कधी पाळलं नव्हतं.

चार वाजायच्या आधीच भावजींचा फोन वाजला. ते बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले होते. आईला ऐकू यावं म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला होता. सासूबाई त्यांच्या शेजारी, अगदी चिकटून. मी दारात.

"निळकंठ, जठार बोलतेय. सगळं तयार आहे इकडे. खाली तुमचं नाव आहे, दिसतंय छान. पाठवू ना?"

"थांबा मॅडम, वैनींना विचारतो. त्या माझ्या अर्ध्या भागीदार." ते माझ्या दिशेनं वळले. "काय वैनी? पाठवू द्यायचं?"

मी चौकट वाजवली. दोनदा.

भावजी हसले. "मॅडम, वैनी नाही म्हणतायत."

"का हो?" जठारबाईही हसत होत्या.

"चेष्टा करतायत. आनंद झाला की माणसं उलटं बोलतात आमच्याकडे. वैनी, खरं सांगा, आनंद झाला की नाही?"

दोनदा. जोरानं. बोटाचं हाड दुखलं.

"बघा, अजून चालूच आहे!"

मी पुन्हा वाजवायला हात उचलला तर सासूबाई उठून माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पकड घट्ट होती. डोळ्यांत राग नव्हता, ते बघवत नव्हतं मला. त्या मला विनवत होत्या. माझी सासू, जिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"बरं मॅडम," भावजी म्हणाले, "पाठ—"

"भावजी, गोरा बोलला नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दिवसभर न वापरलेला, खरखरीत. सासूबाईंचे हात सुटले.

भावजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आत काही उरलं नाही. सहा नवरात्रांत त्यांनी दिवसाउजेडी माझा आवाज ऐकला नव्हता. मी काय बोलले ते त्यांना नंतर कळलं असेल, मी बोलले हे आधी कळलं.

"मॅडम, थांबा. पाठवू नका. मी दहा मिनिटांत फोन करतो."

"काय झालं?"

"माहीत नाही अजून. पण पाठवू नका."

ते उठले आणि भिंतीला हात न लावता सरळ आपल्या खोलीत गेले. मी मागे.

"सांगा. सगळं. पहिल्यापासून."

मी सांगितलं. किती वेळा लावलं, दिवा लागला होता, ओळी कुठं थांबल्या. त्यांनी पेटाऱ्यावर हात ठेवला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "लावा."

घरघर. ओळी. शांतता. ते कान देऊन ऐकत होते, जणू गोरा शेजारच्या खोलीतून बोलेल.

"पडद्यावर काय आहे? वाचा. आता मोडलंच आहे तर वाचा."

मी एकेक अक्षर वाचलं. कार्डाच्या नावाची ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला. "परत." मी परत वाचली. "शेवटी काय आहे? सापडलं म्हणतोय की नाही?" नाही म्हणत होता.

"आता परत सुरू करा, पण बटण बंद न करता. पहिली यादी दिसेल. नवा वरचा, जुना खालचा. बाण दाबून खालचा घ्या."

मी जुना कर्नेल निवडला. ओळी धावल्या, थांबल्या, आणि गोरा बोलला. नाकात, सर्दी झालेला, तेच दोन शब्द. बाहेर सासूबाईंचा "अगं बाई!" ऐकू आला. त्या दारापाशी उभ्या होत्या.

"झालं की रे नीट!"

"थांब आई." भावजींनी आता स्वतःच कळा दाबल्या, बटणाला हात न लावता. "वैनी, आता नवा. वरचा."

नवा. ओळी. आणि गोरा बोलला.

सासूबाई आत आल्या. "बोलला! नव्यातसुद्धा बोलला! म्हणजे चालतंय. सांग की तिला, चालतंय म्हणून!"

भावजींनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मला वाटलं रडतायत. पण हात काढले तेव्हा तोंड कोरडं होतं.

"नाही चालत आई. कार्डाला झोपेतून उठवायला नव्याला येतच नाही. जुन्यानं आधी उठवलेलं असलं तरच हा त्याच्याशी बोलतो. आणि मी इतके महिने मशीन बंदच केलं नाही. नुसतं परत सुरू करत होतो, जुन्यावरून नव्यावर. म्हणजे झोपलेल्याला उठवत नव्हतो, जाग्या माणसाला कूस बदलायला लावत होतो. आणि लिहून दिलं, उठतो म्हणून."

"मग शाळेतल्यांनीही बंद करू नये. तसं सांग त्यांना."

"शाळेत रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करून कुलूप लावतात आई. रोज सकाळी ते झोपेतूनच उठणार. आणि तिथला जुना कर्नेल हे लोक काढून टाकणार आहेत." ते थांबले. "सकाळी पोरं येऊन बसतील. बटण दाबतील. आणि वाट बघतील."

सासूबाईंची नजर भिंतीकडं गेली. असं वाट बघत बसलेलं एक पोर त्यांनी बघितलं होतं.

भावजींनी फोन लावला. ह्या वेळी आवाज मोठा केला नाही, पण खोली लहान होती, मला ऐकू येत होतं.

"मॅडम, माझी चाचणी चुकली. थंड मशीनवर कार्ड बोलत नाही. माझं नाव काढा खालचं."

मग जठारबाईंचा आवाज आला. हसू गेलेलं.

"हे तुम्हाला आत्ता कळतंय? चारला? थंड मशीनवर लावून बघायचं, ही पहिली गोष्ट असते निळकंठ."

"हो. असते."

"मी वर काय सांगू?"

"माझ्याकडून चुकलं असं सांगा. दोष कुठं आहे ते मला दिसलंय. कागदं पाठवतो, दुरुस्त व्हायला मदत करतो. नोकरी असो, नसो."

"पत्र आता निघणार नाही. तुम्हाला कळतंय ना ते?"

"कळतंय."

फोन बंद झाल्यावर ते खुर्चीत तसेच बसले. सासूबाई वळून देवघरात गेल्या. मी जमिनीवर, खाटेच्या पायाशी टेकले.

"वैनी, मौन मोडलं तुमचं. माझ्यापायी."

मी खाली पडलेलं झेंडूचं फूल उचललं.

"कशासाठी होतं हो? कधी सांगितलं नाहीत. अण्णाला विचारलं तर म्हणतो, बायकांचं असतं काहीतरी."

खोटं बोलता आलं असतं. घराण्याची रीत, असं म्हणता आलं असतं.

"तुमच्या नोकरीसाठी," मी म्हटलं.

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग अगदी हळू म्हणाले, "मग आज बोललात कशाला?"

ह्याचं उत्तर मला आजही नीट देता यायचं नाही.

त्या वर्षी पत्र आलं नाही. त्या जागेवर पुण्याचा कुणी घेतला. दोष दुरुस्त व्हायला दिवाळी उलटून गेली. भावजी रोज मशीन पूर्ण बंद करायचे, पार गार होऊ द्यायचे, मग लावायचे. डिस्क प्रत्येक वेळी कण्हायची आणि आम्ही दोघं देवाचं नाव घ्यायचो. ते मोठ्यानं, मी मनात. पुढं कंपनीनं त्यांना सुटंसुटं काम द्यायला सुरुवात केली आणि कितीतरी उशिरानं कायम केलं. आता ते पुण्यात असतात. पण त्या नवमीच्या संध्याकाळी ह्यातलं काहीच आम्हाला दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच की हातात आलेला घास माझ्या एका वाक्यानं पडला होता.

सात वाजता बायका आरतीला यायला लागल्या. मी स्वयंपाकघरातच थांबले. व्रत मोडलेल्या बाईनं नवव्या माळेला घटापुढं उभं राहावं की नाही, मला कळत नव्हतं, आणि सासूबाईंना विचारायचं धाडस नव्हतं. त्या दुपारपासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

बाबरकाकूंचा आवाज आला. पलीकडच्या गल्लीत राहतात, बातमी त्यांच्याआधी कुणाला कळत नाही.

"काय हो, धाकट्याला नोकरी लागली म्हणे! दुकानात पेढे वाटले अण्णानं. आम्हाला नाही वाटतं?"

बाहेरची सगळी बोलणी थांबली. मी परात हातात धरून उभी राहिले. एक वाक्य पुरेसं होतं. लागेल आता, बघू, असं काहीही. बाबरकाकूंना कोण कॉम्प्युटर उघडून दाखवणार होतं?

"नाही लागली," सासूबाई म्हणाल्या.

"अगं बाई. मग पेढे?"

"लागत होती. ह्यानंच नको म्हणून सांगितलं. केलेलं काम खोटं निघालं म्हणून."

"खोटं निघालं? कुणी सांगितलं?"

मग सासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "आमच्या गिरिजेनं." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून, "बाहेर ये गं. आरती तुझी आहे आज."

मी आले. त्यांनी निरांजनाचं ताट माझ्या हातात दिलं. देताना माझ्याकडं बघितलं नाही, पदरानं कपाळ पुसलं नुसतं. बायका वाट बघत होत्या. मी ताट धरलं, घटाकडं बघितलं, तोंड उघडलं आणि माझा आवाज फुटेना.

मागं दाराशी भावजी उभे होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला, आणि बेसूर, मोठ्या आवाजात पहिली ओळ उचलली.